नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

म्हैसूरहून चामराजनगरकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर चामराजपुरम हे स्थानक लागते आणि त्याच्या पुढचे स्थानक अशोकपुरम हे आहे. पहिले नाव वोडेयर राजघराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या चामराज या नावावरून पडले असून, राजधानीतल्या उपनगराला राजाचे नाव असावे यात कोणाला काही वेगळे वाटण्याचे कारण नाही. दुसरे नाव मात्र दलितांच्या एका जुन्या वस्तीचे आहे. ही वस्ती पूर्वी आदिकर्नाटकपुर म्हणून ओळखली जात असे आणि पुढे आंबेडकरी विचारांचे केंद्र होत असताना तिने बौद्ध सम्राटाचे नाव धारण केले. राजाचे नाव मिळालेल्या वस्तीला आपले नाव कधी बदलावे लागले नाही. तिच्या शेजारच्या वस्तीला ते बदलल्यावाचून चालले नाही. उपेक्षित समूहांच्या चळवळींचा इतिहास लिहिताना जमीन, पाणी, शिक्षण, नोकऱ्या आणि मंदिरप्रवेश यांची नोंद सहसा आधी होते आणि नामांतराचा विषय भावनेचा म्हणून शेवटी उरकला जातो. ही क्रमवारी बरोबर आहे का, आणि नाव हा जर नुसता संकेत असेल तर त्यासाठी माणसांनी इतका झगडा का करावा, हा प्रश्न समाजशास्त्राइतकाच तत्त्वज्ञानाचाही आहे.

मराठीत ‘नाव ठेवणे’ म्हणजे बारशाला करतात ते, आणि ‘नावे ठेवणे’ म्हणजे दोष काढणे. एका मात्रेचेच अंतर असलेल्या या दोन प्रयोगांत जातिव्यवस्थेचा निम्मा व्यवहार सामावलेला आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातील नामकरणाच्या विधानानुसार ब्राह्मणाचे नाव मंगलवाचक, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस किंवा तुच्छता सुचविणारे असावे. इथे नाव ठेवणे आणि नावे ठेवणे ही दोन कामे एकाच संस्काराने उरकलेली दिसतात. पाळण्यातल्या मुलाला त्याची समाजातली पायरी कानात सांगितली जाते, आणि पुढे त्याला कोणी हाक मारली की ती पायरी पुन्हा उच्चारली जाते.

शब्द आणि अर्थ यांचे नाते कसले, यावर भारतीय दर्शनांत शतकानुशतके वाद झाला. मीमांसकांनी ते नाते ‘औत्पत्तिक’ मानले, म्हणजे ते मुळातच असलेले, कोणा माणसाने न घडविलेले आणि म्हणून कोणा माणसाला न मोडता येणारे. नैयायिकांनी त्याला ‘संकेत’ म्हटले, म्हणजे अमुक शब्दाने अमुक अर्थ समजावा असा ठराव; पण परंपरेत हा ठराव ईश्वराच्या इच्छेशी जोडला गेला. बौद्धांनी तो निव्वळ लोकव्यवहार मानला. ‘मिलिंदपञ्हा’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिनँडरला प्रथमभेटीतच सांगतो की नागसेन हे केवळ बोलण्यापुरते नाव आहे, त्या नावामागे कोणी शाश्वत ‘आत्मा’ शोधू नये. आणि हे पटवून देण्यासाठी तो रथाची चाके, आस, जू एकेक वेगळे करून यांतला रथ कोणता असे राजाला विचारतो. ‘सुत्तनिपाता’तील वासेट्ठसुत्तात हाच विचार थेट जातीला लावलेला आहे. गवत, झाडे, किडे, पक्षी यांच्या जाती त्यांच्या देहावरच्या खुणांनी वेगळ्या ओळखता येतात, माणसांत मात्र तशा खुणा नाहीत. त्यांच्यातला भेद केवळ नावाने केलेला आहे, असे तिथे बुद्धाने सांगितले आहे.

हा वाद केवळ पंडितांचा नव्हता, हे ‘जाति’ या शब्दावरूनच कळते. तर्कशास्त्रात जाति म्हणजे सामान्य, अनेक गाईंत सारखेच असणारे ‘गोत्व’. आणि समाजात जाति म्हणजे जात. कुमारिल भट्टाने ब्राह्मणत्व हे गोत्वासारखेच खरोखर अस्तित्वात असलेले सामान्य आहे, आईबापांची माहिती असलेल्याला ते प्रत्यक्ष जाणवते, अशी बाजू मांडली, तर बौद्ध तार्किकांनी असे कोणतेही सामान्य वस्तूंत नसते असे ठासून सांगितले. दिङ्नागाच्या मते शब्द वस्तूचा अर्थ सरळ सांगत नाही, तो इतरांना वगळून सांगतो. गाय म्हणजे जी गाय-नव्हे ती नव्हे. या सिद्धांताला ‘अपोह’, म्हणजे वगळणे, असे नाव आहे. गाईच्या बाबतीत हे विवेचन अनेकांना ओढूनताणून केलेले वाटत आले आहे. जातींच्या नावांना ते जितके चपखल बसते तितके क्वचितच दुसऱ्या कशाला बसत असेल. अस्पृश्य, बहिष्कृत, अवर्ण, अंत्यज, आणि चार वर्ण मोजून झाल्यावर उरलेला म्हणून पंचम, या सर्व नावांत त्या माणसाविषयी एकही गोष्ट सांगितलेली नाही. त्याला कशातून वगळले आहे एवढेच सांगितले आहे, आणि वगळणाऱ्याला आपण कोण हे त्या वगळण्यातूनच कळते.

म्हैसूर संस्थानात या वगळण्याला एकदा उलट दिशेनेही वापरले गेले. 1918 मध्ये नाल्वडी कृष्णराज वोडेयर यांनी सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने 1919 च्या अहवालात, सरकारी नोकऱ्यांत पुरेसे स्थान नसलेले ब्राह्मणांखेरीजचे सर्व समाज मागासलेले धरले आणि 7 वर्षांच्या आत वरच्या जागांपैकी निम्म्या व खालच्यांपैकी दोन तृतीयांश जागा त्यांना मिळाव्यात असे सुचविले. गुणवत्तेचा प्रश्न उपस्थित करीत दिवाण विश्वेश्वरय्या यांनी या धोरणाला विरोध केला आणि 1918 मध्येच ते पदावरून दूर झाले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी काढलेली 50 टक्के जागांची आज्ञा आणि म्हैसूरचा हा अहवाल यांची तुलना मराठी वाचकाला सहज सुचेल. दोन्हीकडील चळवळीला ‘ब्राह्मणेतर’ हेच नाव पडले, आणि त्या नावाची शक्ती व मर्यादा दोन्ही त्यातल्या ‘इतर’ या शब्दात आहेत. अनेक जातींना एका झेंड्याखाली आणायला ते उपयोगी पडले. पण ज्याच्या विरुद्ध उभे राहायचे त्याचेच नाव आपल्या नावात घेऊन फिरावे लागले, आणि त्या ‘इतरां’मध्ये अगदी तळाशी कोण राहिले ते त्या नावातून कधीच दिसले नाही.

तळाच्या समूहांनी याच सुमारास वेगळा मार्ग धरला. 1917 पासून आंध्रात ‘आदि-आंध्र’, मद्रास इलाख्यात ‘आदिद्रविड’, 1926 पासून पंजाबात मंगूरामांचा ‘आदधर्म’ आणि म्हैसूरात ‘आदिकर्नाटक’ ही नावे पुढे आली. ‘आदि’ म्हणजे मूळचा. चौथ्याच्याही नंतर पाचवा म्हणून मोजला गेलेला माणूस आता म्हणू लागला की मोजणी सुरू होण्याआधी तो इथे होता. इतिहास म्हणून हा दावा सिद्ध करणे अवघड आहे आणि आंबेडकरांनी स्वतः वंशभेदावर उभारलेली अस्पृश्यतेची उपपत्ती नाकारली होती. तरीही व्याकरण म्हणून या नावाने एक काम केले: नकाराच्या जागी होकार आणला. आदिकर्नाटक या नावात कशातून वगळलेले नाही. उलट सगळ्या प्रांताचे नावच आपल्याकडे घेतलेले आहे.

महाराष्ट्रात हे स्थित्यंतर एका माणसाच्या नियतकालिकांच्या नावांतून जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही ठरावातून दिसत नाही. विठ्ठल रामजी शिंदे यांनी 1906 मध्ये मुंबईत काढलेल्या संस्थेचे मराठी नाव ‘निराश्रित साह्यकारी मंडळी’ असे होते. शिंद्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण निराश्रित हा शब्द आश्रय देणाऱ्याच्या ओट्यावरून उच्चारलेला आहे. बाबासाहेब आंबेडकरांनी 1920 मध्ये ‘मूकनायक’ काढले, 1927 मध्ये ‘बहिष्कृत भारत’, 1928 मध्ये ‘समता’, 1930 मध्ये ‘जनता’ आणि 1956 मध्ये त्याचेच ‘प्रबुद्ध भारत’ केले. मुका, वाळीत टाकलेला, बरोबरीचा, सामान्य लोक आणि शेवटी जागा झालेला, असा हा 36 वर्षांचा क्रम आहे. पहिल्या दोन नावांत अन्यायाची नोंद आहे, मधल्या दोनांत मागणी आहे आणि शेवटच्यात मागणीही उरलेली नाही, कारण जागे होणे ही कोणाकडे अर्ज करून मिळविण्याची गोष्ट नव्हे.

गांधीजींनी ‘हरिजन’ हे नाव 1930 च्या दशकाच्या आरंभी रूढ केले. नरसी मेहतांच्या वाणीतून आलेला तो शब्द होता आणि हेतू प्रेमाचा होता. जानेवारी 1938 मध्ये मुंबई विधानसभेत एका विधेयकात हा शब्द घातला जात असताना आंबेडकर आणि त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. इतक्या गोड नावाला इतका कडू विरोध का, हे अनेक सज्जनांना तेव्हा समजले नाही आणि काहींना आजही समजत नाही. विरोध गोडीला नव्हताच. ज्याचे नाव ठेवायचे त्याला न विचारता बारसे उरकले जात होते, आणि शिवाय हरीचे जन म्हटल्याने हरीच्या देवळाचे दार उघडत नव्हते. म्हैसूरपासून जवळच असलेल्या मेलकोटे येथील मंदिरात रामानुजाचार्यांच्या परंपरेने अस्पृश्यांना ‘तिरुकुलत्तार’, म्हणजे श्रीकुलातले, असे अतिशय आदराचे नाव दिले होते आणि वार्षिक उत्सवातील 3 दिवस मंदिरात येण्याचा मानही दिला होता. ती काळाच्या मानाने मोठी उदारता होती, यात वाद नाही. पण आदराचे नाव बारा महिन्यांचे आणि प्रवेश तीन दिवसांचा, हा हिशेब पाहिला म्हणजे वरून दिलेल्या नावाची किंमत कळते.

1972 मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिच्या 1973 च्या जाहीरनाम्याने ‘दलित’ या शब्दात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया या सर्वांना सामावून घेतले. दळला गेलेला असा या शब्दाचा अर्थ आहे, म्हणून यात अभिमान कसला, असा आक्षेप येतो. परंतु जिथे दळलेले आहे तिथे दळणाराही आहे, हे या एका शब्दाने सांगितले. अस्पृश्य या शब्दात तो दळणारा कुठेच दिसत नव्हता. याच काळात, नोव्हेंबर 1973 मध्ये, कर्नाटकाचे मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी म्हैसूरच्या एका सभेत बऱ्याचशा कन्नड साहित्याला ‘बूसा’ म्हटले. कन्नडमधला बूसा म्हणजे आपल्याकडचा भुसा, गुरांपुढे टाकायचा. त्यावर राज्यभर आंदोलन पेटले, दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावे लागले. आणि त्या प्रक्षोभातूनच बी. कृष्णप्पा, देवनूर महादेव, सिद्धलिंगय्या यांच्या पिढीची दलित संघर्ष समिती आकाराला आली. ज्यांना शतकानुशतके नावे ठेवली गेली त्यांच्यातल्या एकाने एकदाच इतरांच्या साहित्याला नावे ठेवली, तर एवढे वादळ उठले.

यानंतरच्या साहित्यात जे घडले ते या विषयात फार महत्त्वाचे आहे. सिद्धलिंगय्यांच्या 1975 च्या संग्रहाच्या शीर्षकात होलेय आणि मादिग या दलित जातींची नावे उघडपणे आली. म्हैसूर विद्यापीठात अध्यापन केलेल्या अरविंद मालगत्ती यांनी, सवलती घेणाऱ्यांना कुत्सितपणे दिले जाणारे ‘गव्हर्नमेंट ब्राह्मण’ हे नावच 1994 मध्ये आपल्या आत्मकथनाला दिले. मराठीत लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ ही सर्व शीर्षके मुळात शिव्या आहेत. बारा माशांचा तोळा होतो. अकराच भरले तर तो अक्करमाशी, म्हणजे अनौरस, वजनात कमी. सोनाराच्या काट्यावरचा हा शब्द माणसाला लावणाऱ्या समाजापुढे लेखकाने तोच काटा ठेवला आणि एक मासा कोणाकडे राहिला ते विचारले. सन्मानाचे नवे नाव घेणे हा एक मार्ग, तर अपमानाचे जुने नाव स्वतःच्या सहीने छापून त्याचे विष उतरवणे हा दुसरा. नागसेनाच्या भाषेत सांगायचे तर, नाव हा केवळ ठराव असेल तर तो मोडता येतो, आणि मोडता येतो हे दाखविण्याचा सर्वांत धीट प्रकार म्हणजे तो उलटा वापरणे.

इथे एक अडचण उभी राहते आणि ती टाळण्यात अर्थ नाही. नाव म्हणजे केवळ व्यवहार, असे सांगणाऱ्या धम्माचा स्वीकार केलेल्यांनीच नावासाठी सर्वांत दीर्घ लढा दिला. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी संमत केला आणि त्यानंतर मराठवाड्यात दलितांची घरे जळली, पोचीराम कांबळे यांच्यासारखी माणसे मारली गेली, 1979 मध्ये नागपूरहून लाँग मार्च निघाला, आणि सुमारे साडेपंधरा वर्षांनी, 14 जानेवारी 1994 रोजी, निर्णय झाला तो नामांतराचा नव्हे, ‘नामविस्ताराचा’. जुने नाव न जाता नवे पुढे जोडले गेले. आणि त्या तडजोडीचे नाव काय असावे यावरही घासाघीस झाली. नाव हा संकेतमात्र असेल तर ही माणसे शब्दाच्या मोहात पडली, असे एखादा म्हणेल. पण हा प्रश्न ज्यांनी घरे जाळली त्यांना आधी विचारायला हवा. त्यांना आपल्या विद्यापीठाचे नाव ‘औत्पत्तिक’ वाटत होते. त्यांच्या दृष्टीने ते बदलणे म्हणजे सृष्टीक्रम बदलणे होते. नामांतरवादी मात्र ठराव ठरावानेच बदलू पाहत होते, आणि म्हणून त्यांची भूमिका नागसेनाच्या अधिक जवळची होती. नावाला चिकटलेला कोण होता, हे पाहिले की अडचण बरीचशी सुटते. पूर्ण सुटत नाही, कारण नवे नावही कालांतराने धरून बसण्याची वस्तू होऊ शकते.

नावाचा हा वाद म्हैसूरमध्ये दैवतांपर्यंत पोहोचला आहे. शहराचे नावच महिषावरून आलेले. चामुंडी टेकडीवर रंगविलेला महिषासुराचा भव्य पुतळा आहे. एका हातात तलवार आणि दुसऱ्यात नाग. पर्यटक त्याच्यापुढे उभे राहून छायाचित्र काढतात आणि मग त्याला मारणाऱ्या देवीच्या दर्शनाला जातात. गेल्या काही वर्षांपासून दलित आणि बौद्ध कार्यकर्ते दसऱ्याच्या आधी ‘महिष दसरा’ साजरा करतात. त्यांच्या मते महिष हा असुर नव्हे, या प्रदेशाचा बौद्ध राजा. आणि ‘महावंस’ या श्रीलंकेतील पाली ग्रंथात, अशोकाच्या काळात महादेव नावाच्या थेराला महिषमंडलात पाठविले होते असा जो उल्लेख आहे, तो ते आधाराला घेतात. महिषमंडल म्हणजे म्हैसूरच की नर्मदेकाठचा प्रदेश, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. या उत्सवाला विरोधही झाला, टेकडीवर बंदीही आली, आणि 2023 मध्ये तो टाऊन हॉलच्या आवारात झाला. मराठी माणसाला हा महिष परका नाही. शेताच्या बांधावर शेंदूर फासलेला जो तांदळा म्हसोबा म्हणून पुजला जातो, त्याचा महिषासुराशी संबंध दामोदर कोसंबी यांनी दाखविला, आणि त्यांच्याही आधी 1873 च्या ‘गुलामगिरी’त जोतीराव फुले यांनी म्हसोबा हा बळीराजाचा ‘महासुभा’ असल्याची व्युत्पत्ती मांडली. भाषाशास्त्राच्या कसोटीवर फुल्यांची व्युत्पत्ती टिकत नाही. पण तिच्यातला प्रश्न टिकतो. एकाच नावाला टेकडीवर भाला आणि बांधावर नारळ का मिळतो? असुर हेही अखेर जिंकणाऱ्याने ठेवलेलेच नाव आहे.

अशोकपुरमने घेतलेल्या नावाची कथा यापेक्षा भक्कम पुराव्यावर उभी आहे, आणि योगायोग असा की तिच्यातला दुवा कर्नाटकातच सापडला. शिलालेखांत एक राजा स्वतःला ‘देवांचा प्रिय, प्रियदर्शी’ असे म्हणवतो. हा प्रियदर्शी म्हणजे अशोकच, असे अभ्यासक पाली ग्रंथांवरून मानत होते, पण त्याच्या स्वतःच्या लेखांत ते नाव मिळत नव्हते. 1915 मध्ये रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे सापडलेल्या लेखात ते पहिल्यांदा मिळाले. शतकानुशतके उपाधीखाली झाकले गेलेले नाव खडकावर वाचले गेले, आणि त्यानंतर काही दशकांत जातिनामाखाली झाकल्या गेलेल्या एका वस्तीने ते उचलून आपल्यावर कोरून घेतले.

नाव घेतल्याने सगळे संपते असे मात्र नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातींचे हक्क मुख्यतः हिंदूंपुरते होते, 1956 मध्ये ते शिखांना आणि 1990 मध्येच बौद्धांना लागू झाले. म्हणजे ज्याने धर्म बदलून नाव टाकले त्याला हक्काच्या कागदावर टाकलेलेच नाव पुन्हा लिहावे लागते. कर्नाटकात तर ‘आदि’ नावांचाच पेच झाला. काही जिल्ह्यांत होलेयांनी आणि काही जिल्ह्यांत मादिगांनी आदिकर्नाटक हे एकच नाव नोंदविल्यामुळे, अनुसूचित जातींतल्या आरक्षणाची विभागणी करायची वेळ आली तेव्हा कोणाला किती वाटा मिळाला हे सांगता येईना. एकत्र आणण्यासाठी घेतलेल्या नावाने आतल्या दुबळ्याचा हिशेब झाकून टाकला होता. ब्राह्मणेतर या नावाने जे केले तेच, एका पायरीने खाली. आपला वाटा मिळत नाही ही मादिगांची तक्रार म्हणून न्याय्य आहे, आणि ऐक्याच्या नावाखाली तिला गप्प बसवणे हे नावे ठेवण्याचेच एक रूप ठरेल.

या पेचातून मार्ग काढण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती एच. एन. नागमोहन दास आयोगाने 2025 मध्ये कर्नाटकभर घरोघर पाहणी केली. आदिकर्नाटक आणि आदिद्रविड अशी नोंद असलेल्या कुटुंबांना दारात आलेल्या प्रगणकाने एकच गोष्ट मुद्दाम विचारायची होती: तुमची मूळ जात कोणती?